स्थान विसरणारे यंत्र आणि पवनीचा दगड

१/२२
भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी गावालगत जगन्नाथ टेकडी नावाचे एक टेकाड आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे संयुक्त उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. टेकाडाच्या पोटात एक बौद्ध स्तूप होता. त्या स्तूपाच्या दगडांवरील अक्षरे यंत्राने वाचावीत का, आणि वाचायची तर कोणत्या अटीवर, हा आजच्या धाग्याचा विषय आहे.

२/२२
या स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याच्या खांबांवर आणि आडव्या पट्ट्यांवर ब्राह्मी लिपीतील छोटे लेख कोरलेले आढळले. दान देणाऱ्यांची नावे त्यांत आहेत. नागराज मुचलिंदाचे शिल्पही नावानिशी मिळाले. काळ इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांचा. एकच अक्षर एका खांबावर ठसठशीत, दुसऱ्यावर बारीक, तिसऱ्यावर तिरके. आणि खांबच आडवा पडलेला असेल तर आख्खी ओळ उभी झालेली. तरीही सराव झालेला वाचक म्हणतो, ‘हा न, तोही न.’

३/२२
हे ‘तोही न’ म्हणणे वाटते तितके सोपे नाही. जागा बदलली, कोन बदलला, आकारमान बदलले, तरी वस्तू तीच आहे हे ओळखणे हा संगणकशास्त्रातील जुना आणि अवघड प्रश्न आहे. न्यूरल नेटवर्कने तो बऱ्याच अंशी सोडवला. माझे म्हणणे असे की, इतिहासाच्या अभ्यासकाने या यंत्राचे मनापासून स्वागत करावे. पण ‘स्थान, कोन व आकार यांचा परिणाम न होणे’ हा त्याचा निखळ गुण समजू नये. ओळख पटवताना जे विसरावे लागते, नेमके त्याचाच बहुधा इतिहास बनलेला असतो.

४/२२
आधी यंत्राची कुळकथा पाहू. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मांजराच्या मेंदूतील दृष्टिकेंद्राचा अभ्यास केला. तेथील काही पेशी ठरावीक जागी, ठरावीक कलाची रेघ दिसली तरच उत्तेजित होतात. दुसऱ्या काही पेशींना रेघेचा कल तोच हवा असतो, पण ती थोडी इकडेतिकडे सरकली तरी चालते. पहिल्या पेशी काटेकोर, दुसऱ्या सहनशील. या संशोधनासाठी दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

५/२२
टोकियोतील संशोधक कुनिहिको फुकुशिमा यांनी ही कल्पना उचलली आणि १९८० मध्ये ‘निओकॉग्निट्रॉन’ नावाचे जाळे मांडले. त्यात काटेकोर आणि सहनशील पेशींचे थर एकाआड एक रचलेले होते. पहिला थर रेघा शोधतो, पुढचा रेघांचे कोपरे, त्यापुढचा आख्खे अक्षर. आणि प्रत्येक पायरीवर ‘नेमके कुठे’ हा तपशील थोडा थोडा सोडून दिला जातो. स्थान सरकल्याने ओळख बिघडत नाही, ही गोष्ट फुकुशिमांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच नमूद केली होती.

६/२२
पुढे १९८९ मध्ये यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये असेच थरांचे जाळे टपालाच्या पाकिटांवरील हस्तलिखित पिनकोड वाचण्यासाठी वापरले. आज मोबाइल जे चेहरे आणि अक्षरे ओळखतो, त्यामागे याच घराण्यातली जाळी आहेत. मात्र त्यांनी सोडवला तो मुख्यतः ‘सरकण्याचा’ प्रश्न. अक्षर फिरले किंवा फार लहान-मोठे झाले की ही जाळी अडखळत. आडव्या पडलेल्या खांबापुढे ती मुकी झाली असती.

७/२२
फिरणे आणि लहान-मोठे होणे यांवर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक देखणा तोडगा निघाला. त्याचे मूळ आपण शाळेत शिकलेल्या समरूप त्रिकोणांत आहे. आकृतीवरील कोणतेही तीन बिंदू घ्या, त्यांचा त्रिकोण होतो. आकृती सरकवा, फिरवा, दुप्पट करा. त्रिकोणाचे तीन कोन बदलत नाहीत. मग जाळ्याला बिंदू दाखवण्याऐवजी बिंदूंची त्रिकुटे दाखवावीत आणि समान कोनांच्या त्रिकुटांना समान वजन द्यावे. जागा, कोन आणि आकारमान तिन्हींचा परिणाम एका फटक्यात नाहीसा होतो.

८/२२
पण त्याची किंमत पाहा. ९ बाय ९ चौकटींच्या चिमुकल्या चित्रात ८१ बिंदू असतात आणि त्यांची ८५,३२० त्रिकुटे होतात. १२८ बाय १२८ च्या चित्रात हा आकडा सुमारे ७३ हजार कोटींवर जातो. म्हणून आज बहुधा दुसरा मार्ग धरतात: एकच चित्र शेकडो प्रकारे फिरवून, ताणून, उलटेसुलटे करून जाळ्याला दाखवायचे आणि ‘हे सारे एकच’ असे शिकवायचे. हे ‘उलटेसुलटे करून’ ध्यानात ठेवा. पुढचा सगळा वाद त्याभोवती आहे.

९/२२
असे यंत्र कुठे शोभते, हे पाहायला पवनी तालुक्याबाहेर जावे लागत नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच तालुक्यात शिरलेले आहे. वाघ कॅमेऱ्यासमोर कधी जवळून जातो, कधी दुरून. कधी सरळ, कधी वळून. त्याच्या अंगावरचे पट्टे मात्र बोटांच्या ठशांसारखे त्याचे एकट्याचेच असतात. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली. त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती. इतकी छायाचित्रे निव्वळ डोळ्यांनी जुळवणे अशक्यप्राय होते.

१०/२२
पट्टे जुळवण्यासाठी वापरली जाणारी संगणकप्रणाली वाघाच्या शरीराचा त्रिमितीय साचा छायाचित्रावर बसवते. मग वाघ कोणत्याही कोनात उभा असो, त्याची कातडी जणू सपाट अंथरून पट्ट्यांची तुलना करता येते. येथे कोन आणि अंतर विसरणे पूर्णपणे योग्य आहे. तरीही एक गोष्ट विसरून चालत नाही: वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात. ‘आरशातली प्रतिमा तीच समज’ असे यंत्राला शिकवले, तर जुळणीत घोळ होईल. म्हणजे वाघाच्या बाबतीतही विसरण्याला मर्यादा आहे.

११/२२
आता ‘जय’ आठवा. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ २०१३ मध्ये गावे, नद्या आणि महामार्ग ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यात आला आणि एप्रिल २०१६ नंतर कुणाला दिसला नाही. अशा वाघाची ओळख पटवताना तो कुठे दिसला हे क्षणभर बाजूला ठेवावे लागते. तेव्हाच ‘तो हाच’ असे म्हणता येते. पण त्याचा प्रवास सांगायचा, तर प्रत्येक नोंदीवरचे ठिकाण आणि तारीख परत आणावी लागते. नुसते ‘हा जय आहे’ ही ओळख झाली. ‘जय तिथून इथे आला’ हा इतिहास झाला.

१२/२२
हाच न्याय दगडाला लावू. ब्राह्मी लिपीचे कोडे १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडले. त्यांच्यासमोर सांचीच्या स्तूपावरील अनेक छोट्या लेखांचे ठसे होते. प्रत्येक लेख वेगळा, पण बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे. कठड्याच्या निरनिराळ्या दगडांवरचे हे तुटक लेख भक्तांच्या दानाची नोंद असावेत, असा तर्क त्यांनी केला. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असणार! द, न आणि अनुस्वार हाती आले आणि बंद दार किलकिले झाले.

१३/२२
येथे दोन कामे एकत्र घडली, हे बारकाईने पाहा. या दगडावरची आणि त्या दगडावरची दोन अक्षरे एकच आहेत, हे ओळखताना प्रिन्सेप यांच्या डोळ्यांनी जागा आणि आकार विसरले. ती अक्षरे ‘नेहमी शेवटी’ येतात आणि हे दगड ‘स्तूपाच्या कठड्याचे’ आहेत, हे मात्र त्यांच्या बुद्धीने विसरले नाही. अर्थ लागला तो या दुसऱ्या गोष्टीमुळे. स्थानाची फिकीर नसलेल्या यंत्राने अक्षरे अचूक मोजली असती. ‘दानं’ त्याला सुचले नसते.

१४/२२
खुद्द अक्षरांतही स्थान बोलते. अशोककालीन ब्राह्मीत साधे वर्तुळ म्हणजे ‘ठ’. वर्तुळाच्या आत टिंब दिले की ‘थ’. तेच टिंब वर्तुळाबाहेर उजवीकडे दिले की ‘ठं’. टिंब एक, वर्तुळ एक. फरक फक्त जागेचा. टिंबाची जागा ज्याला महत्त्वाची वाटत नाही, अशा यंत्राला थ आणि ठं सारखेच. दोन हजार वर्षे ऊनपाऊस सोसलेल्या दगडाला खळगे पडलेले असतात; एखादा खळगा अनुस्वार आहे की निव्वळ झीज, हेही त्याच्या जागेवरून, आकारावरून आणि खोलीवरून ठरवावे लागते.

१५/२२
फिरण्याचेही तसेच. ब्राह्मीतील ‘र’ अनेकदा नुसती उभी रेघ असते. तिच्या माथ्यावर डावीकडे आडवी रेघ काढली की ‘रे’ होतो. आता हा ‘रे’ अर्धा वळसा देऊन उलटा करा: उभी रेघ आणि तळाशी उजवीकडे आडवी रेघ. हा झाला ‘उ’! म्हणून यंत्राला दगडाचा कल विसरायला शिकवावे, पण ओळीच्या संदर्भात अक्षराचा कल विसरायला शिकवू नये. दोन्ही गोष्टी ‘कोन’च आहेत. त्यांतला भेद लिपी जाणणाऱ्यालाच सांगता येईल.

१६/२२
हा धडा आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दोघांचे पटत नसेल तर आपण ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतो. का? कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. जवळजवळ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमाच. आरशातली प्रतिमा आणि मूळ यांत फरक न करणाऱ्या यंत्राला ३६ मध्ये भांडण दिसणार नाही. त्याला तो ३३ वाटेल किंवा ६६. मांजर उलटे केले तरी मांजरच राहते. अंकाचे तसे नाही.

१७/२२
इतिहासातील एक गाजलेला वाद तर उलट्या अक्षरांवरच उभा राहिला. मध्य प्रदेशातील एरण येथे अलेक्झांडर कनिंगहॅम यांना एक प्राचीन नाणे मिळाले. त्यावरचा ब्राह्मी लेख उजवीकडून डावीकडे जातो. गेओर्ग ब्यूलर यांनी तो पुरावा मानला: ब्राह्मी मुळात सेमिटिक लिप्यांसारखी उजवीकडून लिहीत असावेत. इतरांनी उत्तर दिले, ठसा कोरणारा अक्षरे उलटी कोरायला विसरला, म्हणून नाण्यावर ती उलटी उमटली, एवढेच. कोणत्याही दिशेचा लेख निमूटपणे ‘सुलटा’ करून वाचणाऱ्या यंत्राने हा प्रश्न उभाच राहू दिला नसता.

१८/२२
यावर माझे काही संगणकवाले मित्र म्हणतील, ‘पुरेसे नमुने द्या, काय विसरायचे आणि काय नाही ते यंत्र स्वतःच शिकेल.’ आक्षेप वजनदार आहे, पण तो तोकडा पडतो. मांजरांची लक्षावधी छायाचित्रे मिळतात. एका काळाचे, एका प्रदेशाचे ब्राह्मी लेख मोजकेच असतात. नमुने कमी पडतात म्हणूनच ते फिरवून, उलटे करून वाढवले जातात. कोणता बदल चालेल आणि कोणता नाही, हा निर्णय तेव्हा माणूसच घेतो. तो माणूस ब्राह्मी न जाणणारा असेल, तर त्याचे अज्ञान यंत्राच्या ज्ञानात मुरते.

१९/२२
याच्या उलट टोकाचे म्हणणेही मला मान्य नाही. ‘शिलालेख म्हणजे तपश्चर्या, तिथे यंत्राला थारा नको’ असे म्हणणाऱ्यांनी मोडीचे रुमाल आठवावेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदांचे डोंगर वाचायला माणसे अपुरी आहेत. यंत्राने अक्षरे छाटून, जुळवून, संशयाच्या जागा दाखवून दिल्या, तर अभ्यासकाची वर्षे वाचतील. ठसे घेण्याची शाई आणि कागद हीदेखील एके काळी नवी साधनेच होती. प्रश्न यंत्र वापरावे की नाही हा नाही. त्याला काय विसरू द्यायचे हा आहे.

२०/२२
दिलासा असा की, संगणकशास्त्रही याच वळणावर आले आहे. टॅको कोहेन आणि मॅक्स वेलिंग यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या जाळ्यांत चित्र फिरले की आतली नोंदही नियमाने फिरते. म्हणजे जाळे ‘हा न आहे’ हे ओळखते आणि ‘तो इतका फिरलेला आहे’ हेही जपून ठेवते. एकात बदलाचा परिणाम पुसला जातो, दुसऱ्यात तो सोबत नेला जातो. शिलालेखांसाठी दुसरी वृत्ती हवी. ओळख द्यावी, पण ठावठिकाणा गिळू नये.

२१/२२
पण छायाचित्रातच जे नाही, ते कोणतेही जाळे परत आणू शकत नाही. समाजमाध्यमांवर आपण काय टाकतो? दगडाच्या चार अक्षरांचा कापलेला तुकडा आणि ‘कुणी वाचेल का?’ एवढा प्रश्न. दगड कुठला, मंदिराच्या पायरीत बसवलेला की शेताच्या बांधावर पडलेला, अक्षरे कोणत्या कडेला, दगड केवढा, यांतले काहीच नाही. यंत्राला आपण नावे ठेवतो, पण स्थान विसरण्याची सुरुवात आपल्या अंगठ्यापासून होते. पवनीचे लेख ‘स्तूपाच्या कठड्यावरचे’ म्हणून बोलतात. कठडा वगळा, म्हणजे उरतात सुटी नावे.

२२/२२
म्हणून मित्रहो, एवढे करा. आधी संपूर्ण दगडाचे छायाचित्र घ्या, मग अक्षरांचे. शेजारी मोजपट्टी ठेवा. दगडाची कोणती बाजू वर आहे आणि तो आज कुठे, कोणत्या स्थितीत आहे, ते लिहून ठेवा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात टिपा. अक्षरांत खडू, तेल, पीठ भरू नका. दगड हलवू नका, पुरातत्त्व खात्याला कळवा. अक्षर आज वाचता आले नाही तरी बिघडत नाही. उद्या एखादा अभ्यासक किंवा एखादे शहाणे यंत्र ते वाचेल. हरवलेले ठिकाण मात्र दोघांनाही वाचता येणार नाही.